कमानीपुढचं भांडण

विमानतळावरची कमान जवळ आली तसं उल्काने सवयीने भांडण उकरून काढलं.

“आमटीत गूळ घालता तुम्ही पुण्याची माणसं. ती काय आमटी झाली?”

एरवी मृणाल यावर उसळायची. त्या कमानीला माणसांच्या काळजाचे ठोके कळायचे. जोडप्याचे ठोके शेजारी चालताना एका लयीत पडतात, आणि या परक्या देशात दोन बायकांचं जोडपं म्हणजे गुन्हा. भांडलं की लय मोडायची. उल्काची बहीण इथे राहायची, म्हणून वर्षानुवर्षं दोघी भांडतच आत शिरत होत्या.

आज मृणाल गप्प होती.

“अगं, भांड ना!” उल्का कुजबुजली.

“नाही भांडणार. पकडलेले सगळे ‘आमचं काही नाही’ असं लिहून देतात आणि परत जातात. हा कायदा रद्द करा म्हटलं तर कोर्ट विचारतंय, मग खटला कुणाचा चालवायचा? आपल्या वकीलबाई बाहेर थांबल्यात. पण तू एकटी पुढे गेलीस तर कमान गप्प बसेल. माझ्याबरोबर राहिलीस तर दोघी अडकू. तू ठरव.”

उल्काने मृणालचा हात घट्ट धरला आणि दोघी कमानीखाली शिरल्या.

लाल दिवा लागला. अधिकारी धावत आला. “नुसत्या मैत्रिणी आहोत असं लिहून द्या आणि परत जा.”

मृणालच्या आधी उल्काच बोलली.

“ही माझी बायको आहे. आमटीत गूळ घालते, एवढीच माझी तक्रार आहे. घ्या लिहून.”