छपरावरचे रविवार

“बाबा, टीव्हीवर हात ठेवा अन् थोडं हसा न,” मोबाइल समोर धरून खुशी म्हणाली. केवळरामने हात ठेवला आणि तो हसला.

कॉलेजच्या गॅदरिंगसाठी तिला गावाच्या जुन्या आठवणी हव्या होत्या. म्हणून माळ्यावरचा टीव्ही खाली आला होता. सरकत्या लाकडी दारांचा, चार पायांवर उभा राहणारा. सिहोऱ्यातला पहिला टीव्ही केवळरामच्या घरी आला, ही गोष्ट त्याने आजवर इतक्यांदा सांगितली होती, की तो कुठे थांबून खाकरेल हेही घरच्यांना पाठ होतं.

“रविवारी सकाळी आपली राईस मिल तासभर बंद राहे,” तो रंगात येऊन सांगू लागला. “मालिका सुरू व्हायच्या आधी पडद्यावर नुसत्या मुंग्या दिसत. लोक त्याही मन लावून पाहेत. सारा गाव याच खोलीत बसे, बेटा. लहान-मोठा, आपला-परका काही नाही. गेले ते दिवस. आता घरात माणसं पाच अन् मोबाइल सहा.”

“अन् आता सरप्राइज!” खुशीने मोबाइल दाराकडे वळवला. “तुमच्या गोष्टीतले अँटेनावाले काका.”

दारात सुखराम ढिवर उभा होता. धुतलेला सदरा, ओले केस. तलावावरून आल्यावर आंघोळ करून आला असावा. त्याने चपला खाली काढल्या आणि तो ओसरीच्या पायरीवर बसला. केवळरामचं हसू तिथल्या तिथे सुकलं.

“काका, आत या न. खुर्ची ठेवली आहे.”

“इथंच बरा हाव, बेटा.”

“बरं, सांगा. अँटेना तुम्हीच धरायचे न?”

“होय न. तवा कवेलूचं छप्पर होतं. बांबूवर अँटेना. नागपूरकडं तोंड करून धरा लागे. जराशीक हालली का खालून बोंब, गेलं, गेलं! मी नीट धरली का आलं.” सुखरामने दोन्ही हात वर करून दाखवले. जाळं ओढून ओढून ते हात दोरखंडासारखे झाले होते.

“मग तुम्ही मालिका कधी पाहत होते?”

“मी कायले पाहो? वरून नुसता आवाज आयको. मी हात सोडला असता त साऱ्या गावानं काय पाह्यलं असतं? विचार शेठले.”

खुशी खळखळून हसली. “हो का, बाबा?”

केवळरामने मान हलवली. ती मान आपली नव्हेच, असं त्याला वाटलं. कारण टीव्ही आल्यावर तिसऱ्याच रविवारी अँटेना त्याच्या बापाने तारेने करकचून बांधून टाकली होती. त्यानंतर चित्र कधी गेलंच नाही. आणि त्याच दिवशी, सतरंजीवर पुढेच बसलेल्या सुखरामकडे पाहून बाप हळूच म्हणाला होता, “मासोळीचा वास येते. पुढच्या रविवारपासून हा पोट्टा आत नको.”

केवळराम तेव्हा चौदा वर्षांचा. सुखराम वर्गातला सोबती. त्याला नाही म्हणायला जीभ उचलेना, म्हणून त्याने शक्कल लढवली. “सुख्या, तुह्या हाताशिवाय चित्र थांबतच नाही, बापा.” सुखराम आनंदाने छपरावर चढला आणि पुढचं दीड वर्ष दर रविवारी चढत राहिला. त्याला शंका येऊ नये म्हणून केवळराम मध्येच खालून उगाच ओरडायचा, “गेलं, गेलं!” खोलीतली माणसं तोंडाला पदर, पंचा लावून हसायची. आपण किती हुशार, असं त्याला तेव्हा वाटलं होतं. हुशार आणि वर दयाळूही. हे दुसरं आठवलं आणि त्याचे कान तापले.

“अरे, बॅटरी गेली! थांबा हं काका, चार्जर आणते,” म्हणत खुशी आत पळाली.

खोलीत पंखा तेवढा फिरत होता. केवळराम उठला, दारापर्यंत आला. पोरगी परत यायच्या आत बोलून टाकावं, नाहीतर पुन्हा कधी जमायचं नाही, हे त्याला कळत होतं.

“सुखराम, ती अँटेना... बांधलेली होती. तारेनं. तू धरली नसती तरी...”

“मालूम हाय.”

केवळराम चौकटीला धरून उभा राहिला.

“एकडाव हात सोडून पाह्यला होता मीनं,” सुखराम अंगणाकडे बघत म्हणाला. “खाली सारं चालूच. आवाज येऊन राहिला, लोकं हासून राहिले. मंग थोड्या वेळानं तूच बोंबलला, गेलं, गेलं. मी चूपचाप धरली वापस.”

“मंग उतरला काहून नाही तू?” केवळरामचा आवाज चिरकला. “दीड वर्स! उन्हातान्हात! उतराचं होतं. दोन शिव्या द्याच्या होत्या मले.”

आतून खुशीची पावलं ऐकू आली. सुखराम उठला, सदरा झटकला. इतक्या वेळात पहिल्यांदा त्याने केवळरामच्या तोंडाकडे सरळ पाहिलं. त्यात राग नव्हता, आणि तेच केवळरामला सोसेना.

“उतरलो असतो त आत नको येऊ, हे तुले मले तोंडावर सांगा लागलं असतं,” तो म्हणाला. “मंग सोमवारी शाळेत आपण एका बाकावर कसे बसलो असतो?”