एकोणसाठ, परत एकोणसाठ

“दौंड, लाईनवर हाय का?”

“आहे सर. बोला.”

नवनाथनं फोन स्पीकरवर टाकला आणि खुर्ची सर्व्हरजवळ ओढली. एक जानेवारी २०१७. पहाटेचे पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. शिरूरच्या प्लँटमधल्या काचेच्या खोलीत तो एकटाच होता. एसीच्या गारठ्यात त्यानं कानटोपीसुद्धा काढली नव्हती.

साडेपाच वाजायच्या आत आज जगभरच्या घड्याळांत एक सेकंद जादा घातला जाणार होता. पृथ्वी फिरताना जरा रेंगाळते, म्हणून अधूनमधून अशी भर घालावी लागते. माणसाला पत्ताही लागत नाही. कॉम्प्युटरला मात्र एकोणसाठनंतर शून्यच ठाऊक. साठावा सेकंद आला की तो गडबडतो. साडेचार वर्षांपूर्वी अशाच एका सेकंदाला शिरूरचा सर्व्हर अडकला होता आणि पाळी सुटेपर्यंत मशिनं बंद राहिली होती. म्हणून या वेळी वरून हुकूम आला होता. एक माणूस शिरूरला, एक कंपनीच्या दौंडच्या प्लँटला, आणि मधे फोन चालू.

“तुमचं कसं चाललंय?” त्यानं विचारलं.

“आमचा सर्व्हर नवा आहे,” हर्षदा मॅडम म्हणाल्या. “काल संध्याकाळपासून प्रत्येक सेकंद कणभर लांबवतोय. वीस तासांत जादाचा सेकंद जिरवून टाकेल.”

“आमचा जुना. तो एकोणसाठ दोनदा मोजणार.”

“मोजू दे. अडला नाही म्हणजे झालं.”

दौंडच्या मॅडमशी त्याचं बोलणं कामापुरतंच असे. बॅकअप, हजेरीचं मशीन, नेटवर्क. ‘सर’ आणि ‘मॅडम’ यापलीकडे शब्द गेला नव्हता. पण तेवढ्यासाठी नवनाथ रात्रपाळी मागून घ्यायचा. आपुलकीनं बोलणारा तेवढाच एक आवाज त्याच्या वाट्याला उरला होता.

घरी बायको होती. पण तीन वर्षं झाली, त्या घरात कुणी बोलत नव्हतं.

न्हावऱ्याच्या रस्त्यावर, त्या दिवशी दिवेलागणीला, उसाची ट्रॉली उभी होती. मागं दिवा नव्हता. मोटरसायकल नवनाथ चालवत होता आणि मागं त्याची नऊ वर्षांची लेक वैष्णवी बसली होती. त्याला खरचटण्यापलीकडं काही झालं नाही.

बायको रडली, पण त्याला एका शब्दानं बोलली नाही. तिनं शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. ती ताट वाढायची, डबा भरायची आणि भिंतीकडं तोंड करून झोपायची. हळूहळू पाहुणेही यायचे थांबले.

“डबा खाल्लात?” मॅडमनी विचारलं.

“खाल्ला. भाजीत मीठ न्हवतं.”

“मग घरी सांगायचं.”

“घरी बोलणं होत न्हाई, मॅडम.”

“का?”

नवनाथ पडद्यावरच्या आकड्यांकडं बघत राहिला. “कुणी आधी बोलायचं, तेच कळंना झालंय.”

दौंडच्या सर्व्हरच्या पंख्याची घरघर फोनवर ऐकू येत होती.

पाच अठ्ठावीस.

“एका सेकंदासाठी एवढी माणसं जागी हायत,” तो एकाएकी म्हणाला. “मला तवा एक मिळाला असता, तर ब्रेक लागला असता.”

“सर, घड्याळाकडं बघा.”

त्यानं बघितलं. शेवटचं मिनिट सरत आलं तसा तो मोठ्यानं मोजू लागला. “छप्पन्न. सत्तावन्न. अठ्ठावन्न. एकोणसाठ.”

परत एकोणसाठ.

“तुमची चूक नव्हती,” मॅडम म्हणाल्या.

शून्य. एक. दोन. आकडे पुढं पळू लागले. काचेपलीकडं मशिनांची धडधड तशीच चालू होती.

“ऐकू आलं?” मॅडमनी विचारलं.

“आलं.”

“शिरूर चालू आहे?”

“चालू हाय.” त्यानं फोन जवळ ओढला. “परत एकदा म्हणाल?”

“मला रिपोर्ट पाठवायचाय, सर.”

फोन बंद झाला. नवनाथनं कानटोपी काढून तिनंच तोंड पुसलं.

सात वाजता पाळी सुटली. न्हावरा ओलांडल्यावर त्यानं मोटरसायकल कडेला घेतली. रोज याच रस्त्यानं तो जायचा, पण त्या जागी थांबला नव्हता. ऊस तोडून नेलेलं रान उघडं पडलं होतं. तो थोडा वेळ उभा राहिला, मग केडगावच्या दिशेनं निघाला.

घराला कुलूप होतं. आत जाऊन त्यानं चूळ भरली आणि चहाचं पातेलं शोधायला लागला.

अंगणात स्कूटी थांबली. बायको आत आली. तिनं हेल्मेट काढून खुर्चीवर ठेवलं. तिचे डोळे लाल झाले होते. नवनाथ पातेलं हातात धरून तसाच उभा राहिला.

“अहो,” हर्षदा मॅडम म्हणाल्या, “सरका. चहा मी टाकते.”