तिसरं बारसं
थोरल्याला सासऱ्यांचं नाव ठेवलं, मधलीला आजेसासूबाईंचं. दोन्ही वेळा विद्यालक्ष्मीला वाटलं, आता तरी वेंकट आपल्याकडे मायेनं बघेल. तो पाळण्यात बघून हसला आणि शोळिंगनल्लूरच्या ऑफिसला निघून गेला. तिसऱ्या खेपेला दवाखान्यात शेजारच्या खाटेवरच्या स्टेलाक्कानं तिला बायबलातल्या लेआची गोष्ट सांगितली. लेआच्या नवऱ्याचा जीव तिच्या बहिणीवर. मुलगे होत गेले आणि लेआ प्रत्येकाच्या नावात नवऱ्याचं प्रेम मागत गेली. चौथ्या मुलाच्या वेळी मात्र म्हणाली, “आता देवाची स्तुती करीन.” आज बारशाला वेंकट आला तो मोबाइल कानाला लावूनच. “माझ्या आत्याचं नाव ठेव,” एवढं बोलून तो बाल्कनीत गेला. विद्यालक्ष्मी पाळण्यावर वाकली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं लेकीच्या कानाशी म्हणाली, “स्तुती.” सासूबाई चमकल्या. “आपल्या घरात कुणाचं गं हे नाव?” पाळण्याला झोका देत ती म्हणाली, “हिचंच.”