पाणबुड्यांचं चपटं घड्याळ

"साहेब, पाणबुड्यांचं घड्याळ आहे. अजून चपटं केलं तर पाणी शिरेल," इंजिनिअर मुकुल म्हणाला.

"आपलं गिऱ्हाईक समुद्रात कुठे जातंय? लग्नांना जातं," मालक म्हणाले. "शर्टाच्या बाहीखाली बसायला हवं. आणि वर 'दोनशे मीटर खोल' लिहायचंच. पाणी शिरलं, तर तू घरी."

मुकुलने काचेखालचं पाणी अडवणारं रबर निम्मं केलं.

उद्घाटनाला पाहुण्यांसमोर गुरुजींनी हौसेने घड्याळावर दुधाचा अभिषेक केला. पहिल्याच पळीत दूध काचेखाली शिरलं आणि काटे थांबले. मुकुलने मान खाली घातली. तेवढ्यात पुढच्या रांगेतल्या बिल्डरच्या बायकोने हात जोडले.

"अहो, तीर्थ आतच राहिलंय. मला हेच हवं."

मग सगळ्यांनाच तेच हवं झालं.

संध्याकाळी मुकुल राजीनामा घेऊन केबिनमध्ये गेला. मालकांनी तो न वाचताच फाडला.

"वेडा आहेस का? आता प्रत्येक घड्याळात एवढंच दूध भरायचं. आणि रबर हवं तेवढं जाड लाव, पण बाहेरचं पाणी शिरता कामा नये. दूध पातळ होईल."