हकालपट्टीचा ठराव

"अध्यक्षांचे जावईबापू उपाध्यक्ष झाले ते कोणत्या नियमाने?" एवढंच तात्यांनी मागच्या बैठकीत विचारलं होतं. आज पक्षाच्या कार्यकारिणीपुढे तात्यांच्याच हकालपट्टीचा ठराव आला आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. उरलेल्यांवर बसलेले, तात्यांनीच पक्षात आणलेले लोक टेबलाखाली चपला शोधत असल्यासारखे माना खाली घालून बसले होते.

"मग, मताला टाकू?" अध्यक्षसाहेबांनी विचारलं.

आपल्याविरुद्ध वर होणारे हात बघवणार नाहीत, म्हणून तात्या उठले आणि दाराकडे निघाले.

तसा साहेबांचाच चेहरा पांढराफटक पडला.



"अहो तात्या, बसा हो! तुम्ही गेलात तर गणपूर्ती मोडेल, मग तुम्हाला काढायचं कसं?"