गळकं पिंप

"यात उंदीर आहे," ड्वाइट म्हणाला आणि त्यानं तिसऱ्या मोज्याकडे बोट दाखवलं.

टेबलावर चार कॅन होते. कुणाचं नाव दिसू नये म्हणून प्रत्येकाला एकेक जुना लोकरी मोजा चढवलेला. सफरचंदांच्या जत्रेच्या आदल्या दिवशी खोऱ्यातले सायडरवाले, म्हणजे सफरचंदांची दारू करणारे, एकमेकांचे कॅन असेच चाखत, आणि यंदा पाळी ऑरिनच्या स्वयंपाकघराची होती. मोजे त्यानंच चढवले होते. तिसऱ्यात त्याची स्वतःची सायडर होती.

त्यानं पुन्हा एक घोट घेतला. सफरचंद, थोडा लाकडाचा वास, शेवटी जिभेवर हवा तेवढा तुरटपणा. कुठला उंदीर आणि कुठलं काय!

"मला नाही लागत."

"नाकाला कळत नाही तो. गिळल्यावर दहा मोजायचे, मग घशातून वर येतो. उंदराच्या पिंजऱ्यासारखी चव."

ऑरिननं दहा मोजले. मग वीस मोजले. घशातून काहीच वर आलं नाही.

"काही जणांना जन्मात लागत नाही," ड्वाइट म्हणाला. "माझ्या थोरल्या भावाला नव्हता लागत. त्यात त्याची काही चूक नव्हती."

"सोयीचंच की! दोष असा, की तो फक्त तुलाच कळावा, आणि तोही जत्रेच्या तोंडावर. जिभेला काही हाड?"

गेल्या वर्षी पहिला नंबर ड्वाइटचा होता. बाहेर ओसरीवर ऑरिनची चाळीस खोकी रचून ठेवली होती. कॅनवर त्याचं नाव पहिल्यांदाच छापून आलं होतं आणि सकाळी जत्रेची गाडी ती न्यायला येणार होती. पाणी कुठंतरी मुरतंय, याबद्दल ऑरिनला शंका उरली नाही. त्यानं मोजा उचलून नीट पाहिला. टाचेला भोक होतं आणि भोकातून कॅनचा हिरवा रंग दिसत होता.

"भोकातून बघितलंस!"

"बरं, बघितलं. मग कपात ओतून दे. मी पाठ फिरवून बसतो."

ओट्यापाशी ऑरिनची बायको लोरेन पाठमोरी उभी राहून चीज कापत होती. फेब्रुवारीत आलेल्या तापानंतर तिला कशाचा वास येत नव्हता, की चव कळत नव्हती. कॉफी काय आणि गरम पाणी काय, तिला सारखंच. म्हणून यंदा ती चाखायला बसली नव्हती. पण एरवी ऑरिनच्या सायडरला कुणी नाव ठेवलं असतं, तर नवऱ्याआधी तीच तुटून पडली असती. आज ती गप्प होती. तेही ऑरिनला खटकलं.

त्यानं चार कप भरले. एका शेजाऱ्याची सायडर वगळली आणि स्वतःची दोन कपांत ओतली. आता बघू, म्हणाला मनाशी.

ड्वाइट प्रत्येक घोटानंतर पावाचा तुकडा चावायचा आणि खिडकीबाहेर बघत बसायचा. शेवटी त्यानं दोन कप पुढं सरकवले.

"हा आणि हा. दोन्हींत एकच आहे. सत्तरी आली तरी तुझी लबाडी जात नाही."

हे तो हसून म्हणाला असता तर ऑरिनला बरं वाटलं असतं. ड्वाइट हसला नाही.

"पस्तीस वर्षं करतोय मी," ऑरिन म्हणाला. "एकदाही कुणी उंदराचं नाव काढलं नाही."

"त्याचंच मला नवल वाटतंय. लाकडी पिंपात मुरवायचं म्हटलं की पाच-सहा वर्षांतून एखाद्या पिंपात हा शिरतोच. माझी तीन ओतून द्यावी लागली. तुझं एकही नाही? अख्ख्या व्हरमाँटात असा नशीबवान सापडायचा नाही."

"कसला नशीबवान! माझी पाच गेली, पण गळून. सकाळी तळघरात जावं तर पिंप रिकामं. लोरेनच बघते ना पिंपांकडे, विचार तिला. त्या पिंप करणाऱ्याला किती शिव्या घातल्यात मी!"

ओट्यावरची सुरी थांबली.

ड्वाइटनं लोरेनकडे पाहिलं आणि लगेच नजर आपल्या कपात घातली. लोरेन वळली नाही.

"यंदा मला चवच..." ती म्हणाली.

ऑरिन उठला. त्याला राग आला होता, पण तो कुणावर काढावा ते कळत नव्हतं. दोन्ही कप घेऊन तो बाहेर गेला आणि कोठारामागच्या गवतात त्यानं ते ओतले.

कोठाराच्या वळचणीला शेवटचं गळकं पिंप उभं होतं. फेकून देववेना म्हणून सहा वर्षांपूर्वी त्यानंच ते तिथं आणून ठेवलं होतं. रोज संध्याकाळी तो त्यात हात धुवायचा. आत्ताही ते पावसाच्या पाण्यानं काठोकाठ भरलं होतं आणि वर मेपलची दोन पानं तरंगत होती.

तो गुडघ्यांवर बसला. तळाकडून, कडेकडेनं, त्यानं बाहेरून सगळीकडे हात फिरवला. फळ्या कोरड्या होत्या. खालच्या बाजूला कोळ्यानं जाळं केलं होतं, तेही कोरडंच होतं.

मागं दार वाजलं. लोरेन पायरीवर आली होती, हातात अजून सुरीच होती. तो कुठं बसलाय हे तिनं पाहिलं.

"जत्रेवाल्यांना काय कळवू?" तिनं विचारलं.

"गाडी पाठवू नका म्हणावं."

"का म्हणून विचारतील."

ऑरिननं कोरडा हात उगाचच पँटला पुसला.

"सांग," तो म्हणाला, "पिंप गळलं."