दिवस न दाखवणारं घड्याळ

वैजयंतीने खोक्यावरचं सील नीट पाहिलं. "हे घड्याळ दिवस दाखवत नाही ना, काका? तुमच्या जाहिरातीत तसं लिहिलं होतं."

"फक्त वेळ आणि पावलं," मिराशी म्हणाले. "आयुष्याचे उरलेले दिवस सांगणारी घड्याळं यानंतर आली. हे आमच्या हिच्यासाठी घेतलं होतं, पण ती नव्यासाठीच हटून बसली. हे उघडलंसुद्धा नाही. मग शेवटची दोन वर्षं ती हातावरच्या आकड्याकडेच बघत राहिली. मी शेजारी बसलेला असायचो."

बोलता बोलता त्यांचं लक्ष वैजयंतीच्या मनगटाकडे गेलं. तिथे चौदा हजारांच्या वरचा आकडा होता.

"तुम्हाला कशाला हवंय हे?"

"मुलीला." तिने घड्याळ बाहेर काढलं, पट्टा शेवटच्या भोकापर्यंत आवळला आणि स्वतःच्या दोन बोटांभोवती धरून पाहिला. "सैलच होईल तिला. अजून एक भोक पाडून द्याल?"

मिराशींनी दाभण गॅसवर तापवून आणलं. "केवढी आहे?"

"पाच वर्षांची. आकडे वाचायला नुकतीच शिकलीय. रोज सकाळी उठलं की हातावरचा आकडा मोठ्याने वाचते. आज एकोणीस म्हणाली."

दाभण मिराशींच्या हातातच राहिलं.

"रोज एक कमी होतो ना, त्यामुळे तिला वाटतंय, वाढदिवस जवळ आलाय," वैजयंती म्हणाली. "काल बालवाडीत सगळ्यांना बोलावून आलीय."